हातात बरंच काही असतं

हातात धरायचा छोटासा पंखा. त्याची झुळूक गालावर, नाकाच्या आणि ओठांच्या आसपास पाच मिनिटं घ्यायची. जुनाट आजारामुळे सतत धापा टाकणाऱ्या माणसाची धाप तेवढ्यानंही कमी होते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५० रुग्णांवर करून पाहिलेला हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. एकदा पंखा चेहऱ्यावर धरला, एकदा पायावर. पायावर धरून फारसं काही साधलं नाही, चेहऱ्यावर धरल्यावर मात्र धाप उतरली. फुप्फुसं तीच, आजार तोच. बदल झाला तो मेंदूकडे जाणाऱ्या निरोपात. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूला कळवणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या नसा आहेत. गालावर थंड वारा लागतो आहे, हवा येते आहे, असं त्या सांगतात आणि मेंदू थोडा निवांत होतो.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. धापेनं हैराण झालेले, पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली न गेलेले २३९ रुग्ण. निम्म्यांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला, निम्म्यांना तशाच नळीतून साधी हवा. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. आठवडाभरानं पाहिलं तर दोन्हीकडे सारखाच आराम! आपल्याकडे घरातलं माणूस धापा टाकायला लागलं की ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री धावाधाव होते. रक्तातला ऑक्सिजन खरोखरच कमी असेल तर तो द्यायलाच हवा. पण तो कमी नसेल, तर उघडी खिडकी, पंख्याची दिशा, पाठीशी उशा देऊन बसवणं आणि अगदी थोड्या मात्रेतलं मॉर्फिन यांनी बरंच काही होतं.

हे मला विलक्षण वाटतं. कारण अशा माणसाच्या नातेवाइकांना रुग्णालयात बहुतेक वेळा एक वाक्य ऐकावं लागतं: ‘आता आमच्या हातात काही राहिलं नाही, घरी घेऊन जा.’ आजार बरा करण्यापुरतं ते खरं असेलही. पण धाप, वेदना, उलट्या, कोरडं तोंड, जिवाची तगमग, रात्रीची भीती यांच्याबाबत ते साफ चूक आहे. तिथे हातात बरंच काही असतं. ते ‘बरंच काही’ म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, उपशामक उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना त्याची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ते मिळतात.

या विद्येची आजची घडण झाली ती मुख्यतः लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाईंमुळे. दुसऱ्या महायुद्धात त्या नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. १९४८ साली त्यांची गाठ डेव्हिड तास्मा या पोलंडहून आलेल्या, कॅन्सरनं मरणाच्या दारात असलेल्या एका ज्यू निर्वासिताशी पडली. परक्या देशात एकटा पडलेला हा माणूस आणि सिसिली रोज बोलत बसत: अशा माणसांसाठी एखादं वेगळं घर असायला हवं, तिथे काय काय असावं. जाताना त्यानं त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले. होणाऱ्या घरातली एक खिडकी माझी, असं तो सांगून गेला. ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभं राहायला १९ वर्षं लागली. मधल्या काळात, मरणाऱ्यांकडे डॉक्टरच पाठ फिरवतात तर आपणच डॉक्टर व्हावं, या जिद्दीनं बाई वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ साली, डॉक्टर झाल्या. हॉस्पिस १९६७ मध्ये सुरू झालं.

त्यांनी केलेला बदल सांगायला इतका सोपा आहे की तो आधी कुणाला कसा सुचला नाही, असं वाटावं. त्या काळी रुग्णालयांत मॉर्फिन असायचं, पण ते मागितल्यावर मिळायचं, तेही इंजेक्शननं आणि हात आखडून. रुग्णानं कळ सोसायची, असह्य झाली की नर्सला हाक मारायची, नर्सनं घड्याळ पाहून ‘अजून वेळ आहे’ म्हणायचं. सॉन्डर्सबाईंनी एका जुन्या धर्मादाय संस्थेत वेगळी पद्धत पाहिली होती: तोंडानं, ठरलेल्या वेळी, कळ परत येण्याआधीच पुढचा डोस. सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या बारकाईनं नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिलं की अशा पद्धतीनं वेदना काबूत राहते, डोस बेसुमार वाढत नाहीत आणि माणूस गुंगीत पडून न राहता गप्पा मारतो, पत्रं लिहितो.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. पोटात घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा अंमल साधारण चार तास टिकतो. म्हणून दर चार तासांनी डोस, आणि मध्यरात्री झोपमोड होऊ नये म्हणून निजताना दुप्पट. वाट पाहिली तर काय बिघडतं? वेदनेचे निरोप वारंवार येत राहिले की मज्जारज्जूतल्या चेतापेशी जास्तच हळव्या होतात, मग तेवढ्याच जखमेची कळ पहिल्यापेक्षा मोठी जाणवते. चढलेली वेदना उतरवायला जास्त औषध लागतं, चढू न दिलेली थोडक्यात आवरते. कोकणात घर शाकारतात ते मिरगाच्या आधी, पाणी गळायला लागल्यावर नव्हे. तसंच हे.

मात्रा प्रत्येकाची वेगळी. कुणाला पाच मिलिग्रॅम पुरतं, कुणाला त्याच्या कितीतरी पट लागतं, आणि हे आधी सांगता येत नाही. म्हणून हळूहळू चढत जायचं. मात्रा जास्त झालीच तर बहुधा आधी झोप अनावर होते. श्वास मंदावण्याआधी मिळणारी ही सूचना जाणत्या नर्सच्या नजरेतून सुटत नाही. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतो, तो जवळजवळ प्रत्येकाला, त्यामुळे सोबत रेचक हवंच. हे लिहायला विसरणारा डॉक्टर रुग्णाला एका यातनेतून काढून दुसरीत घालतो.

आणि व्यसनाचं काय? ओपिऑइड गोळ्यांनी अमेरिकेत माजवलेला हाहाकार खरा आहे. त्या गोळ्या जुनाट दुखण्यांसाठी सरसकट लिहिल्या गेल्या, कंपन्यांनी त्या नफ्यासाठी खपवल्या. कॅन्सरच्या वेदनेसाठी, देखरेखीखाली, मोजून दिलेलं मॉर्फिन ही गोष्ट निराळी. शरीराला त्याची सवय होते, त्यामुळे ते एकदम बंद करायचं नसतं. नशेसाठी जीव टाकणं मात्र अशा रुग्णांत क्वचितच दिसतं. वेदनेतून सुटलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा काय करतो? झोपतो. कित्येक रात्रींची राहिलेली झोप.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण इथली गोष्ट मनाला लागणारी आहे. औषधासाठी कायदेशीरपणे अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्यानं खसखशीची शेती होते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते, बराच माल परदेशी जातो. तिथल्या रुग्णांची वेदना त्यानं शमते. आणि इथे? १९८५ साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. नशेचा व्यापार रोखण्याचा हेतू रास्त होता. पण एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागायचे, त्यांच्या मुदती वेगवेगळ्या, आणि हिशेबात चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. औषधविक्रेत्यांनी ते ठेवणं सोडलं. १९९७ मध्ये साऱ्या देशाचा मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोंवर आला होता. एवढा अवाढव्य देश आणि १८ किलो! मॉर्फिन म्हणजे काय हे धड न पाहिलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या त्या काळात शिकून बाहेर पडल्या. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच परवाना पुरेसा झाला. पण हातांना सवय नसली की कपाट उघडं असूनही औषध आतच राहतं. २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबानुसार भारतातली गरज जेमतेम ४ टक्के भागत होती.

हे असंच चालायचं, असं मात्र नाही. युगांडा आपल्याहून गरीब देश. तिथे ॲन मेरिमन या डॉक्टरीणबाईंनी १९९३ मध्ये हॉस्पिस सुरू केलं. मॉर्फिनची भुकटी पाण्यात विरघळवायची, ताकद ओळखू यावी म्हणून खाण्याचा रंग घालायचा, बाटलीत भरून घरी द्यायची, एवढं त्यांचं साधं तंत्र. डॉक्टर कमी, म्हणून तिथल्या सरकारनं खास शिकवलेल्या नर्सेसना ते लिहून देण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे त्याच साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना उपचाराचं छोटं केंद्र उघडलं. त्यातून पुढे केरळच्या गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं: आठवड्यातले काही तास देणारे शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतलं. टाटा मेमोरियलचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना आश्रम उभा केला, पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र चालतं. तिथे रुग्णाबरोबर नातेवाइकालाही ठेवून घेतात, जखम कशी धुवायची, नळीतून कसं भरवायचं हे शिकवतात, आणि पैसे घेत नाहीत. टाटा रुग्णालयात उपशामक वैद्यकाचं एमडीचं शिक्षण मिळतं, तिथली पथकं मुंबईत रुग्णांच्या घरी जातात. केरळपाठोपाठ, २०१२ मध्ये, उपशामक सेवेचं धोरण ठरवणारं राज्यही महाराष्ट्रच. धोरणाचा कागद आणि तालुक्याच्या रुग्णालयातली खाट यांच्यातलं अंतर अजून बरंच मोठं आहे, हे तिथे आई-वडिलांना घेऊन गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

मूळ प्रश्न रुग्णालयाचा आहे. हॉस्पिस मोजक्यांना मिळतं, शहरांत शेवटचे दिवस बहुतेकांचे रुग्णालयात जातात. कॅनडातले शल्यविशारद बॅल्फर माउंट यांनी हे पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं. सॉन्डर्सबाईंकडे शिकून ते परतले आणि १९७५ मध्ये त्यांनी माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातच एक विभाग सुरू केला. ऑपरेशन थिएटर, प्रयोगशाळा आणि ही सेवा, सगळं एका छपराखाली.

रुग्णालयाला शिकावी लागणारी सर्वात अवघड गोष्ट कोणती? माझ्या मते, शरीर मिटतं कसं हे ओळखणं आणि घरच्यांना ते समजावून सांगणं. जन्माच्या कळांसारखाच या प्रवासालाही काही क्रम असतो, पण तो आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. त्यामुळे त्यातलं प्रत्येक पाऊल संकट वाटतं.

आधी भूक जाते. घरात हाहाकार होतो. ‘दोन घास तरी पोटात जाऊ देत.’ घास हे आपल्याकडे प्रेमाचंच रूप. पण मिटत चाललेलं शरीर अन्न वापरू शकत नाही, आणि त्याला ते नकोही असतं. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूच्या वाटेवरच्या, शुद्धीत असलेल्या ३२ रुग्णांना रोज विचारलं गेलं. त्यातल्या ६३ टक्क्यांना भूक अशी जाणवलीच नाही. तहान, तोंडाची कोरड जाणवली ती पाण्याच्या घोटानं, बर्फाच्या तुकड्यानं, ओठ ओले करण्यानं भागली. म्हणजे माणूस उपाशी आहे म्हणून मरत नसतो, तो मरणाकडे निघाला आहे म्हणून खात नसतो. हे एक वाक्य वेळेवर ऐकायला मिळालं असतं तर किती मुलींच्या मनावरचं ओझं हलकं झालं असतं.

मग सलाइन. ‘निदान सलाइन तरी लावा’ हा आग्रह डॉक्टरांना मोडवत नाही. २०१३ साली हॉस्पिसच्या सेवेतल्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांवर याची नीट चाचणी झाली. काहींना रोज एक लिटर द्रव, काहींना फक्त १०० मिलिलिटर. त्रासाच्या लक्षणांत, आयुष्यात, कशातच लक्षणीय फरक आढळला नाही. उलट मूत्रपिंडं आणि हृदय थकलेलं असताना ओतलेलं पाणी पायांत, फुप्फुसांत साठून त्रास वाढवू शकतं. पण तोंडाची काळजी तासातासाला हवी: ओला बोळा, जिभेवर दोन थेंब, ओठांना मऊ लेप. आपल्या घरांत शेवटच्या घटकेला चमच्यानं गंगाजल आणि तुळशीचं पान तोंडात घालायची रीत आहे. रुग्णालयातल्या नर्सनं मुलाच्या हाती ओला बोळा देऊन ‘तुम्हीच पुसा’ म्हटलं, तर त्याच रीतीचा धागा आयसीयूतही तुटत नाही. इतकंच, की गिळता येत नसेल तर चमचाभर ओतायचं नाही, ठसका लागतो.

श्वासाचा ताल बदलतो. एकामागून एक खोल होत जाणारे श्वास, मग उथळ होत जाणारे, मग काही सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा सुरुवात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडला उशिरा आणि अडखळत उत्तर देत असतं, त्यातून हे चक्र तयार होतं. डब्लिनच्या चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे.

आणि घरघर. तो आवाज ज्यानं ऐकला तो आयुष्यभर विसरत नाही. आपलं माणूस गुदमरतंय असंच वाटतं. प्रत्यक्षात, शुद्ध हरपत आल्यामुळे न गिळलेली लाळ घशात साठते आणि ये-जा करणारी हवा तिच्यातून वाजते. त्या अवस्थेतल्या माणसाला त्याचा त्रास होत नसावा, असं तज्ज्ञ मानतात. कुशीवर वळवलं की आवाज बऱ्याचदा कमी होतो. घशात खोलवर नळी घालून ओढत राहणं सहसा त्रासच वाढवतं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १५७ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोटात मुरडा आला की आपण जी ब्यूस्कोपॅनची गोळी घेतो, तिच्यातलं औषध त्यांनी शेवटचा टप्पा सुरू होताच, घरघर लागण्याआधी, इंजेक्शननं द्यायला सुरुवात केली. न दिलेल्यांत २७ टक्क्यांना घरघर लागली, दिलेल्यांत १३ टक्क्यांना. पुन्हा तेच: आधी दिलं तर जमतं. तेच औषध आवाज सुरू झाल्यावर फारसं उपयोगी पडत नाही.

कान शेवटपर्यंत जागे असतात, असं जुन्या नर्सेस सांगत आल्या. व्हँकुव्हरमधल्या एका हॉस्पिसमध्ये ते तपासलं गेलं. प्रतिसाद देणं थांबलेल्या रुग्णांच्या डोक्याला मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी लावली आणि सुरावटी ऐकवल्या. मध्येच एखादा सूर बदलला की निरोगी तरुणांच्या मेंदूत जशी हालचाल होते, तशीच त्यांतल्या काही रुग्णांच्या मेंदूतही दिसली. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण आवाज पोचत होता. मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. खाटेपाशी उभं राहून हॉस्पिटलच्या बिलाबद्दल, ॲम्ब्युलन्सबद्दल बोलणारी आपण माणसं.

आयसीयूत हे सगळं आणखी कठीण होतं, कारण तिथे शरीर दिसतच नाही, आकडे दिसतात. १९६० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी बंद पडलेलं हृदय छाती दाबून पुन्हा सुरू करता येतं हे दाखवलं. अचानक थांबलेल्या, एरवी धडधाकट हृदयासाठी ही संजीवनीच. पण महिनोन् महिने झिजलेल्या शरीराचं हृदय सर्वात शेवटी थांबतं तेव्हा छाती दाबून बरगड्या मोडतात, माणूस परतत नाही. अशा वेळी हा प्रयत्न करू नये, हे आधीच चर्चा करून कसं ठरवावं आणि नोंदवावं, याची मार्गदर्शक तत्त्वं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये दिली आहेत.

त्या चर्चेबद्दल फ्रान्समधलं एक संशोधन मी अनेकांना पुन्हा पुन्हा सांगते. तिथल्या २२ आयसीयूंमध्ये मृत्युपंथाला लागलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबीयांची डॉक्टरांशी बैठक झाली. काहींशी नेहमीसारखी. काहींशी ठरवून वेगळी: कुटुंबाचं म्हणणं ऐकायचं, त्यांच्या भावनांची दखल घ्यायची, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, प्रश्न विचारू द्यायचे, शेवटी हातात एक पुस्तिका द्यायची. नेहमीच्या बैठकीत घरचे साधारण ५ मिनिटं बोलत, वेगळ्या बैठकीत १४ मिनिटं. तीन महिन्यांनी त्यांना फोन केला. नेहमीच्या गटातल्या ६९ टक्के नातेवाइकांत मानसिक आघाताची लक्षणं होती, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांत. नऊ मिनिटं जास्त बोलू दिलं, आणि मागे राहिलेल्यांची झोप, भीती, अपराधीपण यांत एवढा फरक पडला! एखाद्या औषधानं एवढं साधलं असतं तर त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये डेबोरा कुक या आयसीयूच्या डॉक्टरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. शेवटच्या दिवसांतल्या प्रत्येक रुग्णाच्या निदान तीन इच्छा पुऱ्या करायच्या. बोलता येत नसेल तर घरच्यांनी, नर्सनी सुचवायच्या. पहिल्या ४० रुग्णांच्या १६३ इच्छा जमल्या आणि जवळजवळ सगळ्या पुऱ्या झाल्या. आवडतं गाणं, पाळलेलं कुत्रं, प्रार्थना, सगळ्यांनी मिळून एक जेवण. खर्च एका रुग्णामागे शून्य ते २०० डॉलर. हे आपल्याकडे अशक्य नाही. पण आधी आयसीयूच्या दाराबाहेरच्या ‘भेटण्याची वेळ ५ ते ६’ या पाटीत शेवटच्या घटकेसाठी सवलत ठेवावी लागेल.

सुधारणा कागदी झाली की काय होतं तेही पाहून ठेवावं. हॉस्पिसमधलं शहाणपण रुग्णालयांत यावं म्हणून ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला एक पद्धती आखली गेली, शेवटच्या दिवसांत काय करायचं याची. हेतू उत्तम होता आणि जिथे जाणती माणसं होती तिथे ती उत्तम चाललीही. पण देशभर पसरताना तिचा तक्ता झाला, चौकोनांत खुणा करायचा. काही ठिकाणी घरच्यांना न सांगता रुग्ण त्या पद्धतीखाली आणले गेले, काहींना मागूनही पाणी मिळालं नाही. बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीनं २०१३ मध्ये ताशेरे ओढले आणि पद्धती मोडीत निघाली.

हे सगळं शेवटच्या आठवड्यासाठीच असतं, असा समज मात्र डॉक्टरांतही खोलवर रुजलेला आहे. त्याला सर्वात मोठा धक्का बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातून मिळाला. जेनिफर टेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर नुकताच आढळलेले १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना कॅन्सरचे नेहमीचे उपचार. त्यांतल्या निम्म्यांना जोडीला, अगदी पहिल्यापासून, उपशामक पथकाच्या भेटी. २०१० साली निकाल आला. दुसऱ्या गटात नैराश्य कमी, जगण्याची प्रत वरची, शेवटी शेवटी जोराचे उपचार घेणारे कमी. इथवर अपेक्षित होतं. पण जोराचे उपचार कमी घेऊनही ही माणसं जास्त जगली: ११.६ महिने, तर पहिला गट ८.९ महिने. ही आयुष्याची मध्यक लांबी. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण ते घटलंय असंही नाही, आणि जगणं सुसह्य होतं हे पुन्हा पुन्हा दिसलं. वेदना आवरली की माणूस जेवतो, झोपतो, चालतो, केमोथेरपीही झेपते. तेव्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग असेल तर त्याची चिठ्ठी निदानाच्या वेळीच मागावी. ती मागितली म्हणजे आपण आशा सोडली, असं होत नाही.

आणि कायदा? तो आपल्या बाजूला सरकतो आहे. त्याची वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातून गेली. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग २०१५ पर्यंत तिथे पडून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांनी बेचाळीस वर्षं त्यांना जपलं. त्यांच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं निरर्थक जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट प्रथम मान्य केली. २०१८ मध्ये आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती अट जानेवारी २०२३ मध्ये काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. वेळ आली की रुग्णालयातली तीन डॉक्टरांची एक समिती आणि मग दुसरी समिती विचार करते, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. गोव्यात २०२४ मध्ये पहिलं असं इच्छापत्र नोंदवलं ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी न्यायालयात पाठपुरावा केल्यावर, महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ही इच्छापत्रं सांभाळणारे अधिकारी नेमले गेले.

अशा कागदात बहुतेक जण काय नको ते लिहितात: व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. काय हवं तेही लिहावं. वेदना पूर्ण थांबवा, मॉर्फिन द्यायला कचरू नका. शक्य असेल तर घरी न्या. अमुक एकाला बोलावून घ्या. आणि लिहून झाल्यावर तो कागद कपाटात न ठेवता, आपल्या वतीनं बोलायला ज्याचं नाव त्यात घातलं आहे त्याला समोर बसवून वाचून दाखवावा, कारण ऐन वेळी डॉक्टर त्यालाच विचारणार असतात.